रोजचा उजवा डोळा

दाजींचा उजवा डोळा मी नऊ वर्षं रोज सकाळी पाहिला. सुट्ट्या, आजारपणं आणि कॅमेरा दुरुस्तीला गेलेले दिवस वगळले तरी दोन हजारांच्या वर फोटो भरतात. एवढं तर मीसुद्धा कधी यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही, असं माझी ताई म्हणायची आणि आम्ही तिघंही हसायचो. आता ताई ते म्हणत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आमच्या गाडीचे ड्रायव्हर. मी दाजी म्हणते, म्हणून मोठ्या डॉक्टरांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. नोकरी मीच लावून दिली होती. आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल शहरात, पण आमची गाडी गावोगाव फिरते. बाहेरून साधी पांढरी व्हॅन. आत एक गोल स्टूल, हनुवटी टेकवायचा कॅमेरा, काळा पडदा, कॉम्प्युटर, आणि हवेपेक्षा आवाजच जास्त करणारा पंखा. पुढच्या बाजूला आमची नर्स नावं लिहून घेते. पडद्यामागे मी असते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणं हे माझं काम. लोक मला फोटोवाली म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही, कारण माझ्याइतका स्वच्छ फोटो आमच्या हॉस्पिटलात कुणी काढत नाही. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये.

फोटोत पाहायचं काय, ते मी प्रत्येक पेशंटला सांगायचे. लालसर पडद्यावर एक पिवळी गोल चकती दिसते. डोळ्याची नस तिथून मेंदूकडे जाते. चकतीच्या मधोमध एक फिकट खळगा असतो. खळगा लहान आणि भोवतीची कड जाड असेल तर घरी जा, आनंदात राहा. खळगा पसरत चालला आणि कड झिजत चालली, तर नस मरते आहे असं समजायचं. तो काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल करत नाही. नजर कडेकडेने खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. वेळेवर सापडला तर थेंब घालून उरलेली नजर राखता येते. म्हणून तर गाडी काढली होती.

खडबडीत रस्त्याने कॅमेऱ्याची घडी बिघडते. त्यामुळे रोज सकाळी पहिला पेशंट बसवण्याआधी एक चाचणीचा फोटो काढायचा, असा नियम आहे. फोकस नीट आहे का, रंग बरोबर येतो का, भिंगावर धूळ बसली आहे का, एवढंच त्यात पाहायचं. त्याला एक डोळा पुरतो. नर्स नावं लिहिण्यात गुंतलेली, मी कॅमेऱ्यामागे, आणि गाडी एकदा सावलीला लावली की दाजी मोकळे. म्हणून दाजी स्टुलावर बसायचे.

"बोला मेहुणीबाई, कुठे बघू? तुमच्याकडे की हिरव्या दिव्याकडे?"

"दिव्याकडे बघा. माझ्याकडे बघून काही फायदा नाही."

"ते तर लग्नातच कळलं होतं."

हा विनोद नऊ वर्षं टिकला. कॅमेरा सुरू केला की आधी उजव्या डोळ्यासमोर येऊन थांबतो, म्हणून डोळा नेहमी उजवाच. लख्ख उजेड पडायचा, स्क्रीनवर फोटो यायचा, मी बारीक रक्तवाहिन्यांची टोकं पाहायचे. टोकं तीक्ष्ण दिसली की म्हणायचे, "मस्त." दाजी उठून चहाला जायचे. फोटो 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये पडायचा. त्यावर नाव नसायचं, फक्त तारीख.

पहिल्याच वर्षीचा एक फोटो इतका सुरेख आला होता की डॉक्टरांनी त्याचं पोस्टर करून घेतलं. डावीकडे कुणा अनोळखी माणसाचा काचबिंदूचा डोळा आणि उजवीकडे दाजींचा, खाली ठळक अक्षरांत 'निरोगी डोळा'. ते पोस्टर गाडीत स्टुलाच्या मागच्या भिंतीवर लावलं. दाजींची कॉलर तेव्हापासून जी ताठ झाली ती झालीच. रांगेतल्या म्हाताऱ्यांना आत बोलावून दाखवायचे, "हा माझा बरं का. छापून आलाय."

ताई त्यांच्या मागे लागायची. पन्नाशी उलटली, एकदा नीट डोळे तपासून घ्या, तुमच्या वडिलांना शेवटी काठी घेऊन चालावं लागलं होतं. दाजी म्हणायचे, "अगं, तुझी बहीण रोज तपासते. राजाचेसुद्धा डोळे कुणी रोज तपासत नसेल." मग ताई मला फोन करायची. आणि मी म्हणायचे, "ताई, तू कशाला जीव टांगणीला लावतेस? दाजींचे डोळे मी रोज बघते." हे वाक्य माझं आहे. एकदा नाही, दर वर्षी दोन-तीनदा तरी मी ते म्हटलं असेल. तक्त्यावरची अक्षरं तर ते शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे, त्यामुळे लायसन्स काढायलाही कधी अडचण आली नाही.

या वर्षाच्या सुरुवातीला हॉस्पिटलने सॉफ्टवेअर घेतलं. फोटो काढला की ते तिथल्या तिथे चकती मोजतं आणि शून्य ते शंभर असा शंकेचा आकडा देतं. आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर गेला तर लाल पट्टी, खाली राहिला तर हिरवी. फक्त लाल पट्टीचे फोटो डॉक्टरांकडे जाणार. त्याआधी सगळेच जायचे आणि महिनामहिना पडून राहायचे, म्हणून सॉफ्टवेअर आलं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ते बसवायला एक इंजिनीअर बाई आल्या होत्या. माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या, सारखा चष्मा पुसणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, "हद्द ठरवायला भरपूर निरोगी डोळ्यांचे फोटो लागतील. तुमच्या कॅमेऱ्यावर काढलेले. आहेत का?"

"आहेत की. दोन हजार देते."

"सगळे निरोगी? नक्की?"

"शंभर टक्के."

मी चाचणीचा फोल्डर त्यांना दिला. फॉर्मवर एक रकाना होता, 'निरोगी असल्याची खात्री कोणी केली', त्यात माझं पद लिहून सही ठोकली. हा सगळा एकाच माणसाचा एकच डोळा आहे, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. फोटोंवर तारखा होत्या, त्यांनी दोन हजार माणसं धरली.

आठ दिवसांनी त्या कपाळाला आठ्या घालून आल्या. हद्द चाळीसवर ठेवली तर माझ्या निरोगी फोटोंपैकी बऱ्याच फोटोंना लाल पट्टी येत होती. आकडे पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास. "हे खरंच निरोगी असतील तर सॉफ्टवेअर उगाच घाबरतंय," त्या म्हणाल्या. "गावोगावची धडधाकट माणसं रोज हॉस्पिटलात पाठवाल. एकदा डॉक्टरांना विचारून घेऊ."

मी मोठ्याने हसले. "अहो, तो आमच्या दाजींचा डोळा आहे. पोस्टरवरचा!"

बाईंनी ते लाल पट्टीच्या फोटोंपुरतंच धरलं. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ऑपरेशनला उशीर होत होता, ते उभ्या उभ्याच बोलले. त्यांच्याही भिंतीवर तेच पोस्टर होतं. त्यांनी मान वर करून पोस्टरकडे पाहिलं, इंजिनीअर बाईंच्या हातातल्या फोटोंकडे नाही. "हा ना? हा तर नमुना आहे. याला लाल पट्टी येत असेल तर तुमचं गणित चुकतंय." त्यांनीही सही केली. बाईंनी हद्द पन्नासवर नेली. सगळे फोटो हिरवे झाले आणि आम्ही तिघंही खूश झालो.

त्या दिवसांत गाडीची डावी बाजू सारखी खरचटत होती. आधी डावा आरसा गेला, मग मागच्या दाराजवळ एक लांब ओरखडा. हॉस्पिटलच्या गेटात खांब घासला तेव्हा दाजी वॉचमनवरच डाफरले, गेट अरुंद केलंय म्हणून. गेट होतं तेवढंच होतं. चालतानाही त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. मी चिडवायचे, "दाजी, डाव्या बाजूशी तुमचं वाकडं आहे का?" ते म्हणायचे, "वय झालं, मेहुणीबाई. आता सरळ काही राहिलं नाही." मी रोज फोटो काढत होते, रोज मस्त म्हणत होते, आणि तो खांदा रोज चौकटीला लागत होता.

त्याच सुमारास आम्ही रस्त्याच्या पार शेवटच्या गावाला गेलो. मुख्य रस्ता सोडून विहीर ओलांडायची, मग एक भलंमोठं झाड, त्या झाडाला वळसा घातला की गाव. गावातला शिंपी फोटोला आला होता. साठीचा, बोटांना खडू लागलेला. हनुवटी टेकवता टेकवता म्हणाला, "बाई, नीट बघा हं. आमचं पोट यावरच आहे." फोटो आला. मला तो खळगा जरा ऐसपैस वाटला. मी पुन्हा फोटो काढला, तरी तसाच. सॉफ्टवेअरने सांगितलं पंचेचाळीस. हिरवी पट्टी.

मी थोडा वेळ घुटमळले. बाहेरून नर्स ओरडली, "आटपा हो, अजून तीस माणसं आहेत!" मशीनपेक्षा मी काय शहाणी लागून गेले, असं मनाशी म्हटलं आणि शिंप्याला सांगितलं, "चांगला आहे डोळा. निश्चिंत राहा." त्याने मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो नमस्कार मी घेतलासुद्धा.

असे चार महिने गेले.

मग ती सकाळ आली. दहाचा सुमार, स्वच्छ ऊन, रस्त्यावर फारशी गर्दी नाही. मी दाजींच्या मागच्या सीटवर बसले होते. डावीकडच्या गल्लीतून एक बाई भाजीची हातगाडी ढकलत रस्त्यावर आली. ती मला गल्लीच्या तोंडाशी असल्यापासून दिसत होती. नर्सलाही दिसत होती. दाजींनी पाय ब्रेककडे नेलाच नाही. नर्स किंचाळली, तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक दाबला. गाडी हातगाडीवर आदळली, टोमॅटो रस्ताभर झाले, आणि ती बाई हातभर अंतरावर हातगाडीचा दांडा धरून उभी राहिली.

लोक जमले. तिला काही लागलं नव्हतं. दाजी खाली उतरले, टोमॅटो गोळा करायला वाकले, तिची माफी मागितली, भरपाई देतो म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पण ती होती कुठे गं? रस्ता मोकळा होता."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस बायकोशी खोटं बोलतो तेव्हा त्याचं नाक लाल होतं, हे मला तीस वर्षं माहीत आहे. नाक लाल नव्हतं. त्यांनी खरोखरच मोकळा रस्ता पाहिला होता.

मुक्काम जवळच होता. दाजींनी गाडी हळूहळू नेऊन एका शाळेच्या भिंतीला लावली. कॅमेऱ्याला धक्का बसला होता, म्हणून चाचणी करणं भाग होतं. ते स्टुलावर बसले. आज विनोद केला नाही. मी फोटो काढला. रक्तवाहिन्यांची टोकं तीक्ष्ण होती, रंग बरोबर होता, धूळ नव्हती. "मस्त" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण त्यांच्या डोक्याच्या वर, भिंतीवर, तोच डोळा होता.

मी स्क्रीनकडे पाहिलं, मग पोस्टरकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. चकतीच्या वरच्या बाजूला एका रक्तवाहिनीला फाटा फुटतो. तो फाटा मला आमच्या गल्लीच्या वळणासारखा पाठ आहे. पोस्टरवर तो चकतीवरून सरळ जात होता. स्क्रीनवर तो खळग्याच्या काठाशी मोडल्यासारखा वाकून आत उतरत होता. पोस्टरवर कड जाड होती. स्क्रीनवर वरच्या आणि खालच्या बाजूला कड म्हणावी असं फारसं काही उरलं नव्हतं.

मी फोल्डर उघडला. प्रत्येक वर्षाचा पहिला फोटो काढून ओळीने लावला आणि एक बटण दाबत गेले. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. खळगा उघडत गेला. चौथं, पाचवं. फाटा वाकायला लागला. मी थांबले, पुन्हा पहिल्यापासून दाबत आले. नऊ वर्षं नऊ सेकंदांत झाली. प्रत्येक फोटो मीच काढला होता, आणि प्रत्येकाला मी मस्त म्हटलं होतं.

"झालं का?" दाजींनी विचारलं. "पेशंट खोळंबलेत."

"दाजी, डावा डोळा लावा."

"डावा कशाला? आज काय विशेष?"

"लावा म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून ते गुपचूप सरकले. मी कॅमेरा डावीकडे ढकलला. नऊ वर्षांत त्यांच्यासाठी पहिल्यांदा. लख्ख उजेड पडला आणि फोटो आला. चकती पांढरीफटक होती. खळगा नव्हताच, म्हणजे सगळी चकतीच खळगा झाली होती. खाली लाल पट्टी, त्र्याण्णव.

"काय म्हणतो धाकटा भाऊ?" दाजींनी विचारलं. "थोरल्याइतकाच देखणा आहे ना?"

मी उजव्या डोळ्याच्या फोटोवर परत आले. त्याच्याखाली आकडा होता एकोणपन्नास, आणि पट्टी हिरवी. ती हिरवी का होती, हे मला तेव्हा कळलं. हद्द पन्नास होती म्हणून. आणि हद्द पन्नास होती ती याच डोळ्याला पास करायला. मग मला शिंपी आठवला, त्याचे जोडलेले हात आठवले.

त्या दिवशी गाडी परत आणायला हॉस्पिटलातून दुसरा ड्रायव्हर आला. दाजी तोवर स्टेअरिंगवर हात ठेवून, इंजिन बंद ठेवून बसून होते. मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तू तर रोज बघायचीस." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला सोसलं नाही. मी बाहेर जाऊन शाळेच्या भिंतीकडे तोंड करून रडले.

डॉक्टरांनी दाब मोजला. मग दाजींना त्या पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर बसवलं, जिथे बारीक दिवे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचं असतं. आतून टिकटिक ऐकू येत होती. दिव्यांची टिकटिक बरीच होती, दाजींच्या बटणाची फार थोडी. निकालाचा कागद डॉक्टरांनी माझ्याही समोर ठेवला. डाव्या डोळ्यात मधोमध चिमूटभर जागा उरली होती, त्यावरच ते तक्त्याची अक्षरं वाचत आले होते. उजव्या डोळ्याची डावीकडची बाजू काळी झाली होती.

"पण मला काळं काही दिसत नाही हो, डॉक्टर," दाजी म्हणाले. "सगळं पूर्ण दिसतं."

"काळं दिसत नाहीच. मेंदू मोकळी जागा मोकळी ठेवत नाही. आजूबाजूचं, सवयीचं काहीतरी भरून टाकतो. तुम्हाला रस्ता पूर्ण दिसतो, पण त्यातला अर्धा तुमच्या डोक्यातला असतो."

दाजींनी मान हलवली. थेंब लिहून दिले, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. गेलेलं येणार नव्हतं. उरलेलं राहीलच असंही डॉक्टर म्हणाले नाहीत, बघू म्हणाले. किल्ली दाजींनी स्वतःच खिशातून काढून टेबलावर ठेवली. ते गेल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरचं पोस्टर काढून गुंडाळी केली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून बराच वेळ हातात धरून बसले.

रात्री ताईचा फोन येणार हे मला माहीत होतं. आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"तू रोज बघत होतीस ना?" तिने विचारलं.

"हो, ताई."

तिने फोन ठेवला. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते.

दाजींच्या तपासणीनंतर मी इंजिनीअर बाईंना सगळं सांगितलं; त्यांनी हद्द त्याच संध्याकाळी चाळीसवर आणली आणि चार महिन्यांचे सगळे फोटो पुन्हा तपासले. चाळीस आणि पन्नासच्या मध्ये सापडलेली माणसं दोनशे बारा. प्रत्येकाला मी किंवा नर्सने सांगितलं होतं की डोळा चांगला आहे. फोन लावले तर निम्मे लागेनात. नर्सने पत्ते लिहिले होते ते असे: 'विहिरीमागे', 'गिरणीजवळ', 'थोरल्या भावाच्या घरी'. गाडी घेऊन दारोदार जाण्यावाचून इलाज नव्हता. नवा ड्रायव्हर शहरातला, त्याला त्या भागातला एक रस्ता माहीत नव्हता.

"मी येतो," दाजी म्हणाले. "चालवणार नाही, शेजारी बसतो. रस्ते मला तोंडपाठ आहेत."

मी शिंप्यापासून सुरुवात करायची ठरवली. पहिला तोच, असं मला वाटत होतं. सकाळी निघालो. नवा ड्रायव्हर स्टेअरिंगवर, त्याच्या डाव्या हाताला दाजी, मागे मी. दाजी खुशीत होते, निदान तसं दाखवत तरी होते. कुठे खड्डा आहे, कुठे कुत्री आडवी येतात, कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, सगळं सांगत होते आणि सगळं बरोबर निघत होतं. नवा ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "कमाल आहे काका तुमची." मला वाटलं, कदाचित डॉक्टर म्हणाले तेवढं वाईट नसेल.

मुख्य रस्ता सुटला. "आता विहीर," दाजी म्हणाले. विहीर आली. "आता ते मोठं झाड येईल डाव्या हाताला. ते बघा, दिसलं. सावलीत दोन मिनिटं थांबवा गाडी, इंजिन गार होऊ दे. मी नेहमी थांबवतो."

ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

डावीकडे झाड नव्हतं. रस्त्याच्या कडेला टेबलाएवढा बुंधा होता, कापलेली बाजू अजून पिवळी होती, आणि भोवती नुसतं रखरखीत ऊन होतं. दाजी समोर पाहत होते. चेहरा निवांत होता. त्यांनी सवयीने काच खाली केली, शर्टाची बाही सरकवली आणि हात खिडकीबाहेर टाकला, सावलीत टाकतात तसा.

उन्हाने हात भाजला असणार. त्यांनी तो मागे घेतला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला, मग तळवा वर केला, जसं पाऊस पडतोय का ते बघतात. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"मेहुणीबाई," ते मागे न वळता म्हणाले, "झाड आहे ना?"

हो म्हणणं सोपं होतं. नऊ वर्षं मी तेच करत आले होते.

"नाही, दाजी. तोडलंय."

"मग मला आत्ता दिसलं ते काय होतं?"

दाजींनी हात आत घेतला, मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो चोळत बसले. पुढचं वळण त्यांनी सांगितलं नाही. गाडी हळूहळू निघाली. थोड्या अंतरावर डाव्या हाताला शिंप्याचं दुकान लागलं. तो उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होता, आणि गाडी ओळखून त्याने हसून हात वर केला. दाजींना तो दिसला नाही. गाडी थांबवायला मीच सांगितलं.